भाव 'पडला' की 'पाडला': एका रास्ता रोकोच्या तीन बातम्या

२०२४ ची दिवाळी चार दिवसांवर आली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या बाजार समितीत त्या सकाळी सोयाबीनचा लिलाव सुरू झाला, पहिले दोन-तीन ढीग बऱ्या भावात गेले आणि मग बोली तीन हजार आठशेवर येऊन अडली. त्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. व्यापाऱ्याचा माणूस ढिगात ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर खुपसायचा, "सतरा" म्हणायचा आणि पुढे सरकायचा. मीटरवरचा आकडा शेतकऱ्याला दाखवायची पद्धत नव्हती. साडेअकराच्या सुमारास एकाने मीटर बघायला मागितला, नकार मिळाला आणि लिलाव थांबला. अर्ध्या तासात फाट्यावर चार ट्रॅक्टर आडवे लागले.

यार्डात माझाही अकरा क्विंटल माल होता. तीस वर्षं शिक्षकी केली, आता गावातलं 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय सांभाळतो आणि वडिलांची चार एकर करतो. या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

त्या दिवशी जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. रस्ता दोन तास बंद राहिला. एक रुग्णवाहिका आली. पोरांनी मधला ट्रॅक्टर मागे घेऊन तिला वाट करून दिली, त्यात पाचेक मिनिटं गेली असतील. दीडएकशे माणसं होती, त्यात तीस-पस्तीस बाया. शेवटच्या वीस मिनिटांत विरोधी पक्षाचे विधानसभेचे एक उमेदवार चार गाड्या घेऊन आले, पहिल्या रांगेत बसले, फोटो झाले. रस्ता मोकळा करताना पोलिसांनी दोघांना ट्रॅक्टरवरून खाली ओढलं, काही काठ्या चालल्या, एका तरुणाचं मनगट मोडलं. ग्रामीण रुग्णालयात त्याच्या हाताला प्लॅस्टर चढलं तेव्हा मी तिथेच होतो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तीन पेपर आले. त्यांची नावं मी देणार नाही. मालक, उमेदवार आणि वार्ताहर बदलले तरी हा नमुना बदलत नाही, म्हणून त्यांना अ, ब आणि क म्हणतो. 'अ'च्या मालकांची सत्ताधाऱ्यांशी जवळीक आहे, 'ब'च्या मालकांची विरोधकांशी. 'क' हे जिल्ह्यापुरतं चालणारं छोटं दैनिक.

तीन मथळे

'अ'ने पाचव्या पानावर छापलं: "रास्ता रोकोमुळे प्रवाशांचे हाल, रुग्णवाहिका अडकली". 'ब'ने पहिल्या पानावर: "बळीराजाचा एल्गार! संतप्त शेतकऱ्यांचा सरकारविरोधात उद्रेक". 'क'मध्ये त्या दिवशी काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यात बातमी आली, "बाजार समितीत सोयाबीनची विक्रमी आवक", आणि तिच्याखाली बाजार समितीच्या दिवाळी शुभेच्छांची पाव पानाची जाहिरात.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात नेहमी येणारी कॉलेजची सहा-सात पोरं-पोरी होती. मी तिन्ही कात्रणं कार्डशीटवर चिकटवली, लाल आणि निळी पेन्सिल दिली आणि एकच काम सांगितलं: प्रत्येक वाक्यात क्रिया कोणती आणि ती कोण करतंय, हे शोधा. चांगलं-वाईट सध्या ठरवू नका.

'अ'च्या बातमीत चौदा वाक्यं निघाली. शेतकरी ज्यांत काही करतो अशी पाच: रस्ता अडवला, ट्रॅक्टर आडवे लावले, घोषणा दिल्या, हुज्जत घातली, विनंती धुडकावली. पोलीस करतात अशी चार: समजूत काढली, संयम राखला, सौम्य बळाचा वापर केला, वाहतूक सुरळीत केली. मनगट शोधायला वेळ लागला. ते शेवटून दुसऱ्या वाक्यात होतं: "या गोंधळात एक जण किरकोळ जखमी झाला." एक जण, किरकोळ, झाला. कुणी केलं हा प्रश्न त्या वाक्यात शिरायला जागाच ठेवलेली नाही. आणि अख्ख्या बातमीत भावाचा एकही आकडा नाही. "योग्य भावाच्या मागणीसाठी" एवढंच. ४,८९२ आणि ३,८०० हे दोन आकडे शेजारी छापले असते, तर प्रवाशांचे हाल वाचणाऱ्या माणसालाही ट्रॅक्टर का आडवा लागला ते कळलं असतं.

'ब'च्या बातमीत आकडे होते. पण तिथे शेतकरी 'बळीराजा' झाला होता, आणि बळीराजाला नाव, गाव, एकर, क्विंटल असं काही नसतं. तो संतापतो, त्याचा एल्गार होतो, उद्रेक होतो. बोलतात ते उमेदवार. सोळा वाक्यांपैकी सात त्यांच्या तोंडी, आणि आंदोलन "त्यांच्या नेतृत्वात" झालेलं. जे अखेरच्या वीस मिनिटांत आले ते पहिल्या वाक्यात पोचले. पोलिसांनी इथे "अमानुष लाठीहल्ला" केला होता. हेही खरं नव्हतं. काठ्या चालल्या, त्या चालायला नको होत्या, त्या पोराचं हरभऱ्याच्या पेरणीचं काम बुडालं. पण 'अमानुष' म्हणावं असं मी पाहिलं नाही. 'सौम्य' लिहिणाऱ्याने आणि 'अमानुष' लिहिणाऱ्याने दोघांनीही विशेषण पक्षाच्या घरून आणलं होतं, फाट्यावरून नाही.

काना

बी. ए.ला मराठी घेतलेल्या एका मुलीने मग ती गोष्ट दाखवली, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. 'अ'मध्ये वाक्य होतं: "सोयाबीनचे भाव पडल्याने शेतकरी आक्रमक झाले." 'ब'मध्ये: "सरकारने भाव पाडल्याने शेतकरी आक्रमक झाले." ती म्हणाली, "गुरुजी, एका कान्याचा फरक आहे."

मरणे-मारणे, गळणे-गाळणे, जळणे-जाळणे, पडणे-पाडणे. जोडीतल्या पहिल्या क्रियेला करणारा लागत नाही. पाऊस पडतो, पानं पडतात, तसा भाव पडतो. दुसरीला कुणीतरी हात लागतोच. मराठीत एक काना घातला की आरोप होतो आणि काढला की निसर्ग होतो. वर्षानुवर्षं मुलांना अकर्मक-सकर्मक शिकवलं, पण पेपर वाचताना हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या पेपरांचे गठ्ठे आहेत. वाळवीतून वाचलेले २०१३ च्या हिवाळ्यातले अ आणि ब आम्ही खाली काढले. तेव्हा राज्यात आणि दिल्लीत सत्ता दुसऱ्या बाजूची होती. कापसाच्या भावावरून तालुक्यात झालेल्या आंदोलनाची बातमी दोन्हींत सापडली. त्या वेळी 'अ'ने लिहिलं होतं, "सरकारने कापसाचे भाव पाडले". आणि 'ब'ने, "आंतरराष्ट्रीय मंदीमुळे कापसाचे भाव पडले". सरकार बदललं तसा काना या पेपरातून त्या पेपरात गेला होता. पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण त्या अकरा वर्षांत दोन्ही पेपरांचं बिल मी दर महिन्याला भरलं आहे.

आता खरं काय? भाव पडला होता की पाडला होता? याचं उत्तर एका शब्दात नाही, आणि बातमीचं काम तेच सांगण्याचं होतं. जगात त्या वर्षी सोयाबीन मुबलक होतं आणि पेंडीला उठाव नव्हता, तेवढ्यापुरता भाव खरोखर पडला होता. दुसरीकडे, महागाई आवरण्यासाठी केंद्राने आधीची काही वर्षं खाद्यतेलाचं आयात शुल्क खाली ठेवलं होतं, म्हणजे बाहेरचं तेल स्वस्तात येत होतं. ते वाढलं १४ सप्टेंबर २०२४ ला. कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले, ते अजून बंदच होते. त्याने भावाचं काय झालं यावर जाणकारांत मतभेद आहेत, पण हा निर्णय कुणीतरी घेतलेला होता एवढं नक्की. आणि तिसरी गोष्ट आमच्या यार्डातली: तो न दाखवलेला मीटर. सरकारी खरेदीला तेव्हा ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ऑक्टोबरात परतीच्या पावसात भिजलेला माल बारावर येत नाही, म्हणून तो सरकारी केंद्राऐवजी यार्डात येतो, आणि यार्डात "सतरा" ऐकून तीन हजार आठशेला जातो.

म्हणजे जागतिक बाजार, दिल्लीचं धोरण आणि यार्डातला व्यापारी. 'अ'ने यातलं काहीच सांगितलं नाही. 'ब'ने मधलं एक उचललं.

तिघांनी मिळून गाळलेला माणूस

पोरांचा अ विरुद्ध ब असा वाद रंगला होता. मी त्यांना म्हटलं, आता दोघांत जे सारखं आहे ते शोधा. बराच वेळ कुणाला काही सापडलं नाही, कारण सापडायचं होतं ते छापलेलंच नव्हतं. तिन्ही पेपरांत मिळून 'व्यापारी' हा शब्द एकदाही नव्हता. भांडण सुरू झालं मीटरवरून, मीटर होता व्यापाऱ्याच्या माणसाच्या हातात, आणि 'मीटर' हा शब्दही कुठेच नव्हता.

सत्तेच्या बाजूचा पेपर सरकारला वाचवतो, विरोधातला सरकारला धरतो, हे आमच्या गावातल्या पानटपरीवरही सगळ्यांना ठाऊक आहे. पेपर कुणाचा हे माहीत असलं की माणूस तेवढं वजा करून वाचतो. दोघेही ज्याला हात लावत नाहीत ते मात्र वजा करता येत नाही, कारण ते आहे हेच कळत नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा पक्षपात तो आहे.

'अ'चा तालुका प्रतिनिधी माझा जुना विद्यार्थी. त्याला घरी बोलावलं, चहा पाजला आणि कात्रण पुढे ठेवलं. तो आधी गप्प राहिला. मग जे म्हणाला ते मला महत्त्वाचं वाटलं: "गुरुजी, 'पाडले' लिहिलं तर डेस्क विचारते, कोणी पाडले, पुरावा काय. 'पडले' लिहिलं तर कोणीच काही विचारत नाही." ही पळवाट नव्हती, त्याची रोजची अडचण होती. त्याला पगार नाही. बातमीचं मानधन जेमतेम, कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंकासाठी त्याला जाहिरातींचं टार्गेट दिलेलं, आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण? बाजार समिती, अडते, कृषी केंद्रवाले, आणि वाढदिवसाला पुढारी. ज्या माणसाकडे सकाळी जाहिरात मागायला जायचं, त्याच्या मीटरबद्दल संध्याकाळी लिहायचं, हे त्या पोराच्या एकट्याच्या खांद्यावर टाकलेलं आहे.

मी त्याला विचारलं, "मग रुग्णवाहिका अडकली, याचा पुरावा काय होता?" तो म्हणाला, पोलीस ठाण्यातून माहिती आली होती. 'सौम्य बळ' आणि 'परिस्थिती नियंत्रणात' हेही तिथूनच. म्हणजे पुरावा शेतकऱ्याच्या बाजूच्या वाक्याला लागतो. ठाण्यातून आलेलं वाक्य हाच पुरावा. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने मान खाली घातली, आणि मला वाईट वाटलं, कारण दोष एकट्या त्याचा नाही.

कचेरीचे शब्द आमच्या भागातल्या पेपरांत किती खोल गेले आहेत, याचं सगळ्यात दुखरं उदाहरण शेतकरी आत्महत्यांचं. २००६ च्या शासन निर्णयाने कुटुंबाला एक लाखाच्या मदतीसाठी निकष घातले. त्या निकषांत बसणारं प्रकरण 'पात्र', न बसणारं 'अपात्र'. मदतीच्या फायलीतला हा शेरा. बातमीत मात्र तो मेलेल्या माणसालाच चिकटला: "अमुक आत्महत्या पात्र, अमुक अपात्र". गेली कित्येक वर्षं हे आम्ही सकाळच्या चहासोबत वाचतो आहोत.

'शेतकरी व महिला'

'ब'च्या पहिल्या पानावरचा फोटो मोठा होता. पुढे उमेदवार, मागे बाया बसलेल्या. फोटोखाली ओळ: "रास्ता रोको आंदोलनात सहभागी शेतकरी व महिला."

त्या फोटोत उजवीकडे आमच्या गावातली एक बाई आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तीन एकर ती एकटी करते, फवारणीचा पंपही पाठीवर घेते. त्या दिवशी सात क्विंटल माल घेऊन यार्डात तीच आली होती, आणि मीटर बघायला मागणाऱ्याच्या बाजूने पहिला आवाज तिचा होता. पत्रकारांसमोरही ती बोलली. पेपर तिला दाखवला तर ती म्हणाली, "फोटोत त मी आहो गुरुजी, बातमीत काहून नाही?" मी ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ पाहत राहिली. "शेतकरी 'व' महिला म्हंजे? मंग मी कोन?"

शेत अजून सासऱ्याच्या नावावर आहे. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर पीकपेरा लागतो, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. सातबारा तिच्या नावाचा नाही, म्हणून केंद्राच्या यादीत ती शेतकरी नाही. फोटोखालच्या ओळीनेही तिला तेच सांगितलं. 'ब'च्या माणसाचा काही वाईट हेतू नसावा. ती ओळ हातातून आपोआप उतरते, आणि म्हणूनच मला तिची जास्त चिंता वाटते.

इथे दुसऱ्या एका फोटोची आठवण होते. दर हंगामात खरेदीचा मुहूर्त होतो. पहिल्या गाडीवाल्याला शाल-श्रीफळ, काटापूजन, आणि त्याच्या मालाला चढा भाव. दुसऱ्या दिवशी मथळ्यात तोच भाव छापून येतो. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर काढते. मथळ्यात बहुधा कमाल जातो. तो भाव दोन-चार ढिगांना मिळालेला असतो, तरी वाचणाऱ्याला वाटतं शेतकऱ्याचं बरं चाललंय.

आमच्याच जिल्ह्यात याहून मोठ्या पानावर असं घडलेलं आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या नागपूर आवृत्तीत ३१ ऑक्टोबर २००८ ला भांबराजा आणि अंतरगाव या गावांवर पानभर मजकूर आला: बीटी (जनुकबदल केलेल्या) कापसाने गावं सुखी झाली, इथे आत्महत्या नाहीत. तोच मजकूर २८ ऑगस्ट २०११ ला त्याच वृत्तपत्रात पुन्हा छापला गेला, या वेळी बियाणं कंपनीच्या पैशाने, कोपऱ्यात बारीक अक्षरात तशी नोंद ठेवून. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला आली, तेव्हा गावकऱ्यांनी सांगितलं की आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या आहेत. त्या मे महिन्यात पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये ही दोन पानं शेजारी ठेवून दाखवली. एकच मजकूर एकदा बातमी होता आणि तीन वर्षांनी जाहिरात, आणि दोन्ही वेळा गावाला कुणी पुरतं विचारलं नव्हतं.

पेपरने बाजू घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. याच यवतमाळात स्वातंत्र्यलढ्यातले नेते लोकनायक बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये काढलेलं 'लोकमत' साप्ताहिक स्वराज्याच्या बाजूचं होतं आणि ते उघड सांगत होतं. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी लिहिलं की त्या वेळची बरीच पत्रं एका विशिष्ट जातीचे हितसंबंध पाहणारी आहेत आणि इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नाही. म्हणून त्यांनी आपलं पत्र काढलं आणि ते कुणाचं हे नावातच सांगितलं. माझी तक्रार, बाजू घेऊन ती व्याकरणात लपवण्याबद्दल आहे.

पत्र

आम्ही तिन्ही पेपरांना पत्र पाठवलं. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते, तिकडे जावं असं एका मुलाचं म्हणणं होतं. पण ती समिती उमेदवाराने पैसे देऊन छापवलेली बातमी शोधते. 'पडले' आणि 'पाडले' तिच्या कक्षेत येत नाहीत. पत्रात चार गोष्टी होत्या: रुग्णवाहिकेला वाट दिली होती, आंदोलन कुठल्या नेत्याने सुरू केलं नव्हतं, त्या बाया शेतकरी आहेत, आणि वादाचं कारण व्यापाऱ्याने न दाखवलेला मीटर होतं. 'अ' आणि 'क'ने छापलं नाही. 'ब'ने वाचकांच्या पत्रांत नऊ ओळी छापल्या. रुग्णवाहिका होती, बाया होत्या. उमेदवाराचं वाक्य गेलं होतं आणि मीटरचंही.

१५ नोव्हेंबरला, मतदानाला पाच दिवस असताना, केंद्राने सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली. 'अ'चा मथळा: "केंद्राचा शेतकऱ्यांना मोठा दिलासा". 'ब'चा: "अखेर सरकार झुकले". आमच्या गावातल्या बहुतेकांचा माल तोवर विकून झाला होता. दिवाळी होती, मजुरी द्यायची होती, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं होतं. त्या बाईने आपले सात क्विंटल रास्ता रोकोनंतर दोन दिवसांनी ३,८५० ने दिले होते. हे दोन्ही मथळ्यांखाली नव्हतं.

म्हणून त्याच पोरा-पोरींनी वही घेतली आणि घरोघरी फिरून पावत्यांवरून यादी केली. रकाने सहा: शेतकऱ्याचं नाव, किती क्विंटल, तारीख, ओलावा किती सांगितला, भाव, घेणारा. त्या बाईचं नाव पहिल्या रकान्यात आहे. सासऱ्याचं नाव शेजारी कंसात लिहायचं का, असं एका मुलाने विचारलं, तर बाकीच्यांनी नको म्हटलं. यादी वाचनालयाच्या भिंतीवर तीन कात्रणांच्या शेजारी लावली आहे. सहावा रकाना प्रत्येक ओळीत भरलेला आहे.